वेळापत्रक नसलेल्या गाडीची वाट कुठे पाहायची?

प्रश्न : आमचा मुलगा सहावीत आहे. त्याचं आजोळ भुसावळचं. माझे वडील रेल्वेत होते. दर सुट्टीत त्यांच्याबरोबर पुलावर उभं राहून मालगाडीचे डबे मोजायची सवय त्याला तिथे लागली. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. इथे दिवसभर लोकल, मधूनच एखादी मेल. मालगाडी दिसली तर दिसली. तो सारखा विचारतो, ‘आई, इथल्या मालगाड्या जातात कुठून?’ मला उत्तर देता येत नाही. मागच्या महिन्यात तो मित्राबरोबर रुळांलगतच्या भिंतीवर चढून बसला होता, हे शेजारच्या काकूंकडून कळलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. धाकटे दीर म्हणतात, ‘वंदे भारत सोडून मालगाडीत काय बघायचंय? त्यापेक्षा क्लास लाव.’ मला त्याचा छंद मोडायचा नाही आणि त्याचा जीवही धोक्यात घालायचा नाही. आमच्या भागात बसून बघता येईल अशी सुरक्षित जागा कुठे आहे? पोलीस हटकतील का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी त्या भिंतीचं बोलू, बाकीचं मग.

तुम्ही मुलाला रागावला असालच. पण ‘पुन्हा तिकडे फिरकायचं नाही’ एवढ्यावर हे थांबणार नाही. त्याला मालगाडी बघायची होती आणि बघायला दुसरी जागा माहीत नव्हती, म्हणून तो भिंतीवर चढला. चांगली जागा मिळाली की भिंतीचं काम उरत नाही. तोवर एक गोष्ट मात्र त्याला समोर बसवून सांगा, आणि आकड्यांत सांगा. डबे मोजणारं पोर आकडा नीट ऐकतं.

मुंबईच्या आसपास रुळांवरच्या तारांत पूर्वी १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह असायचा. २०१५-१६पर्यंत मध्य रेल्वेच्या इथल्या मार्गांवर तो बदलून २५,००० व्होल्ट एसी झाला. आपल्या घरातल्या विजेच्या शंभरपटीहून जास्त. एवढ्या दाबाच्या विजेला हात लावावा लागत नाही. माणूस पुरेसा जवळ आला की ती हवेतूनच झेप घेते. यार्डात उभ्या असलेल्या वॅगनवर फोटोसाठी चढलेली मुलं तारेला न शिवताही होरपळली आहेत, जिवानिशी गेली आहेत. तारेपासून किमान दोन मीटर लांब राहायचं, हा रेल्वेचा स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीचाही नियम आहे. म्हणून उभ्या वॅगनची शिडी चढायची नाही, पुलाच्या कठड्यावरून सेल्फीची काठी बाहेर काढायची नाही आणि रुळाकडेच्या भिंतीवर बसायचं नाही.

दुसरं म्हणजे उभी मालगाडी. तिच्याखालून किंवा दोन डब्यांच्या मधून पलीकडे जाणारी मोठी माणसं तो रोज बघत असेल. त्याला सांगा, इंजिन अर्धा किलोमीटर पुढे असतं आणि त्याचा भोंगा मागे ऐकू येतोच असं नाही. डबे जोडणाऱ्या कपलिंगमधली ढील एकेक डब्याने घट्ट होत येते आणि तुमच्यासमोरचा डबा एकदम हिसका देऊन हलतो. तेवढा क्षण पुरतो.

आता जागेकडे येऊ. मालगाडी शोधायची तर स्टेशनाच्या नावावरून शोधू नका, मालावरून शोधा. कुठला माल कुठून निघतो, कुठे जातो आणि त्याला लोकलची गर्दी टाळून कुठली वाट मिळते, एवढं कळलं की जागा आपोआप सापडते. तुमच्या भागात याचं उत्तर उरणजवळ आहे. न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं आणि आज ते देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. गुजरात, राजस्थान, दिल्ली-हरियाणाकडून तिथे येणारे कंटेनर पश्चिम रेल्वेने वसईपर्यंत येतात. तिथून त्यांना मुंबईत शिरायची गरजच नाही. वसईहून ते कामण, खारबाव, भिवंडीवरून खाडी ओलांडून दिव्याच्या बाजूला येतात आणि पुढे तळोजा, कळंबोली, पनवेलमार्गे बंदर गाठतात. परतीची वाट तीच. कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्या बऱ्याच मालालाही हाच रस्ता.

आणि ही वाट तुमच्या घरापासून एका स्टेशनावर आहे. कोपर.

कोपरला बहुतेक लोक फक्त खालचे प्लॅटफॉर्म ओळखतात, जिथे धीमी लोकल थांबते. वर, उंचावर, दिवा-वसई मार्गाचे वेगळे प्लॅटफॉर्म आहेत. खालून मुख्य मार्ग जातो, वरून हा. वरच्या मार्गावर प्रवासी गाड्या अगदी मोजक्या, दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मेमू, म्हणजे कमी पल्ल्याच्या विजेवरच्या गाड्या, आणि काही लांब पल्ल्याच्या गाड्या. मधला सगळा वेळ मालगाड्यांचा. माझं मत विचाराल तर कल्याण-ठाणे पट्ट्यात लहान मुलाला घेऊन जायला याच्याइतकी चांगली जागा नाही. पायाखाली पक्का प्लॅटफॉर्म, समोर मालगाडी, खाली लोकल आणि मेल, आणि कंटाळा आला तर घर दहा मिनिटांवर. डोंबिवलीहून धीमी लोकल पकडा. जलद गाडी कोपरला थांबत नाही.

वर गेल्यावर प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला जाऊ नका, मधल्या भागात पाठीमागे उभे राहा. मालगाडी इथे थांबेलच असं नाही. कंटेनरची रिकामी गाडी चांगल्या वेगात निघून जाते आणि तिच्या वाऱ्याचा झोत जाणवतो. पिवळी रेघ ही कमीत कमी मर्यादा समजा. पोराला त्याच्याही दोन पावलं मागे ठेवा. त्याने काहीही कमी दिसत नाही, उलट पूर्ण गाडी नजरेत मावते.

गाडी येणार हे कसं कळणार? तुमच्या मोबाइलमधलं रेल्वेचं कुठलंही अ‍ॅप मालगाडी दाखवत नाही. तिच्या हालचालींची नोंद रेल्वेकडे असते, पण ती माल पाठवणाऱ्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी. आपल्यासाठी सिग्नल आहेत, आणि ते वाचणं हा या छंदातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. खांबावर पांढऱ्या गोल पाटीवर काळं ‘ए’ अक्षर असेल तर तो स्वयंचलित सिग्नल. पुढचे रूळ मोकळे असले की तो आपोआप हिरवा होतो, गाडी येवो न येवो. त्याच्याकडे बघून काही कळत नाही. पण ज्या खांबावर ही पाटी नाही तो सिग्नल स्टेशनातून दिला जातो आणि एरवी लाल असतो. तो लालचा पिवळा किंवा हिरवा झाला की समजायचं, कुणीतरी निघालंय. मुलाला तुमच्या बाजूने दिसणारा असा एक सिग्नल शोधून द्या. मग वाट बघण्याचंही काम होऊन जातं.

वेळ दुपारची निवडा. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत लोकलच्या रुळांवर मालगाड्यांना सहसा वाट देत नाहीत, त्यामुळे त्या आधीच्या यार्डांत आणि लूपलाइनवर, म्हणजे मुख्य रुळांच्या बाजूला काढलेल्या रुळांवर, थांबून राहतात. गर्दी ओसरली की एकामागून एक सुटतात. बारा ते चार ही वेळ मला सर्वांत भरवशाची वाटते. तरीही भरवसा म्हणजे खात्री नव्हे. कधी तासाभरात तीन गाड्या जातील, कधी दोन तासांत एकही नाही. हे त्याला घरून निघतानाच सांगून ठेवा. आणि रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठे आहे ते वर्तमानपत्रात नक्की बघा. ब्लॉक तुमच्याच टप्प्यात असेल तर दिवस फुकट जाईल. शनिवार त्यापेक्षा बरा. वर सावली बेताची आहे, टोपी आणि पाणी घेतल्याशिवाय जाऊ नका.

दिवा जंक्शनचं नाव कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. कागदावर ते बरोबर आहे, पण त्या गर्दीत अकरा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन निवांत उभं राहणं मला पटत नाही. कोपर सोडून दिव्याला जायचं काही कारण नाही.

कोपरची सवय झाली की पुढचा पल्ला दिवा-पनवेल मार्गाचा. निळजे स्टेशन पलावाच्या लगत आहे, तिथून वसई-पनवेलची सगळी वाहतूक जाते. या पट्ट्यात जुन्या रुळांच्या शेजारी नवे रूळ आणि बरेच उंच खांब दिसतील. तो पश्चिम समर्पित मालमार्ग, उत्तर प्रदेशातल्या दादरीपासून न्हावा-शेवापर्यंत सुमारे १,५०० किलोमीटरचा, फक्त मालगाड्यांसाठी बांधलेला. खांब उंच का, हे मुलाला आधी सांगू नका, त्यालाच विचारा. इथली तार रुळापासून साडेसात मीटरच्या आसपास उंचीवर असते, कारण या मार्गावर कंटेनरवर कंटेनर असे दोन मजले चढवून गाडी नेता येते. नेहमीच्या तारेखालून असली गाडी जाऊच शकत नाही.

कळंबोलीला लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे आणि रेल्वेचा मालधक्काही. इथे कंटेनर सोडून वेगळ्या गाड्या दिसतात. उघड्या सपाट वॅगनवर पोलादाचे पत्रे, आणि कॉइल, म्हणजे गुंडाळलेल्या पत्र्याची अवजड भेंडोळी. वॅगन मोठी आणि त्यावर भेंडोळी मोजकीच, मधे बरीच जागा रिकामी, असं का? कारण एकेका भेंडोळ्याचं वजनच कित्येक टन असतं. जागा उरली तरी वजनाची मर्यादा संपलेली असते. मालधक्क्याच्या आत मात्र शिरू नका. तिथे ट्रक, क्रेन, हमाल यांची धावपळ असते, ती मुलांची जागा नाही. स्टेशनावरून दिसेल तेवढं पुरे.

पनवेल तर पाच बाजूंचे रूळ एकत्र येणारं ठिकाण. हार्बरची लोकल, दिव्याकडून येणारा मार्ग, कर्जतकडचा, रोह्यामार्गे कोकणाचा, आणि बंदराकडे जाणारा. पादचारी पुलावरून बघितलंत तर अर्ध्या तासात मुलाच्या वहीची पानं भरतील. २०२४च्या जानेवारीपासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. नेरूळ किंवा बेलापूरहून ती पकडून एकदा उरणपर्यंत जाऊन या, खिडकीची जागा धरून. उरणकडच्या टप्प्यात बंदराची वाहतूक शेजारी दिसू लागते. बंदराच्या फाटकाजवळ मात्र उतरून भटकू नका. तो संरक्षित भाग आहे. चेंबूर-माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे जाणाऱ्या मार्गाबद्दलही हेच. टाक्यांच्या गाड्या तिथून खूप निघतात, पण कॅमेरा घेऊन घोटाळायची ती जागा नव्हे.

एक अख्खा दिवस काढू शकलात तर कसारा. हे मी आवर्जून सांगते आहे. लोकलचं शेवटचं स्टेशन, डोंबिवलीहून एका गाडीत पोहोचता येतं. तिथून पुढे थळ घाट सुरू होतो, इगतपुरीपर्यंत. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. कानाला हे किरकोळ वाटतं, पण हजारो टनांची गाडी लोखंडी रुळांवरून लोखंडी चाकांवर वर न्यायची तर भारतातल्या मुख्य मार्गांवरच्या अवघड चढांपैकी हा एक. पुढचं इंजिन एकटं पुरत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, बहुतेक दोन-तीन एकत्र. ती मागून हळूहळू येतात, अगदी चालीच्या वेगाने, आणि शेवटच्या डब्याला टेकतात. टेकल्याचा ‘धप्प’ आवाज येतो, कर्मचारी कपलिंग आणि ब्रेकची नळी तपासतात, मग पुढचा आणि मागचा लोको पायलट एकमेकांना भोंग्याने कळवतात आणि गाडी दोन्ही टोकांनी एकदम जोर लावते. हे सगळं प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघता येतं. मेल-एक्सप्रेसनाही बँकर लागतात, म्हणजे मालगाडी नाही आली तरी हात हलवत परत यावं लागत नाही. बोरघाटासाठी हेच काम कर्जतला चालतं. तुम्हाला कसारा जवळ, म्हणून मी तेच म्हणेन. निघण्याआधी परतीच्या लोकलची वेळ लिहून घ्या. कसाऱ्याच्या गाड्या डोंबिवलीसारख्या पाच-पाच मिनिटांनी नसतात.

आता पोलिसांचं. रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या मित्राच्या आईलाही हे कळू द्या. प्लॅटफॉर्मवर मात्र तुमचा हक्क आहे, हातात योग्य तिकीट असेल तर. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं. लोकलचं तिकीट प्रवासासाठी असतं, ते दाखवून तीन तास बाकावर बसून राहिलात तर तपासनीस विचारणारच आणि त्याचं बरोबर असेल. ज्या स्टेशनावर थांबायचं तिथे उतरल्यावर प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि वेळ संपली की दुसरं काढा.

स्वतःच्या आनंदासाठी मोबाइलवर फोटो काढणाऱ्या आई-मुलाला सहसा कोणी अडवत नाही. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने विचारलं तर सरळ सांगा, मुलाला मालगाड्या आवडतात, डबे मोजतोय. वही दाखवा. ‘फोटो नको’ म्हणाला तर मोबाइल खिशात घाला, हुज्जत घालू नका. डबे मोजायला मोबाइल लागत नाही. तिपाई लावून चित्रीकरण करायचं तर परवानगी लागते, आणि ड्रोन घरी असेल तर तो घरीच राहू द्या.

वहीत काय लिहायचं हेही सांगते, कारण नुसती डब्यांची संख्या लिहिणारं मूल वर्षभरात कंटाळतं. इंजिनावर त्याचा नंबर असतो, प्रकार असतो आणि ते कुठल्या शेडचं, म्हणजे इंजिनांच्या देखभालीच्या कुठल्या ठिकाणचं, आहे तेही रंगवलेलं असतं. कल्याण, भुसावळ, अजनी, वलसाड, वडोदरा, कधी पार झारखंडातलं गोमो. घरी भिंतीवर भारताचा नकाशा लावा आणि दिसलेल्या प्रत्येक शेडला टाचणी टोचायला सांगा. भुसावळचं इंजिन दिसलं की आजोबांना फोन होणारच! बहुतेक वेळा डब्ल्यूएजी-७ आणि डब्ल्यूएजी-९ दिसतील, पाच हजार आणि सहा हजार अश्वशक्तीच्या आसपासची. दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडल्यासारखं लांबलचक धूड दिसलं तर तो डब्ल्यूएजी-१२, बिहारमधल्या मधेपुऱ्यात बनलेला, १२,००० अश्वशक्तीचा. आपल्या नागपूरच्या अजनीला त्याची देखभाल होते.

वॅगनवरच्या इंग्रजी अक्षरांनी घाबरून जाऊ नका. बीसीएन म्हणजे चारी बाजूंनी बंद डबा, यातून धान्य, खत, सिमेंट, साखर जाते. बॉक्सएन वरून उघडा, मुख्यतः कोळशाचा, अशा ५८-५९ वॅगनची एक गाडी. बीटीपीएन पेट्रोल-डिझेलची टाकी. बीएलसी कंटेनरची ठेंगणी वॅगन, ४५ वॅगनची गाडी आणि तिच्यावर वीस फुटी ९० कंटेनर बसतात. एनएमजी लिहिलेला डबा मात्र मुलाला फार आवडेल. तो जुना प्रवासी डबा असतो, खिडक्या पत्र्याने बंद करून टाकलेला, आतून नव्याकोऱ्या मोटारी नेतात. नीट बघितलं तर खिडक्यांच्या जागा ओळखू येतात.

प्रत्येक वॅगनवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालकी असलेल्या रेल्वेचे, पाचवा-सहावा मिळून बनवल्याचं साल, मग चार आकडी क्रमांक, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. तो असा काढतात : पहिल्या दहा आकड्यांतले सम जागांवरचे आकडे मिळवून तिप्पट करायचे, त्यात विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज मिळवायची, आणि दहाच्या पुढच्या पटीला जायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. समजा ३१०३१८४५२७ असे पहिले दहा आहेत. सम जागांवर १, ३, ८, ५, ७, बेरीज २४, तिप्पट ७२. विषम जागांवर ३, ०, १, ४, २, बेरीज १०. एकूण ८२, नव्वदला ८ कमी, म्हणून अकरावा आकडा ८. आणि वॅगन २०१८ची. चालत्या गाडीचा नंबर टिपून घरी येऊन हे गणित करायचं. जुळलं तर नंबर बरोबर टिपला, नाही जुळलं तर कुठलातरी आकडा वाचायला चुकला.

गाडीच्या शेवटी ब्रेक व्हॅन असेल तर तिच्यात गार्ड असतो. २०२२पासून त्यांचं अधिकृत पद ट्रेन मॅनेजर आहे, पण बोलताना सगळे गार्डच म्हणतात. स्टेशनातून गाडी जाताना रेल्वेचा माणूस हिरवा झेंडा धरून उभा राहतो, गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघत असतो. कुठे धूर निघतोय का, काही लोंबतंय का, चाक अडकलंय का. सगळं ठीक असेल तर गार्ड आणि तो एकमेकांना झेंडे दाखवतात. शेवटच्या डब्यावर पाटीवर ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) ही अक्षरं आहेत हेही बघितलं जातं, कारण ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे काही तुटून राहिलं नाही. आता काही गाड्यांच्या मागे व्हॅनऐवजी छोटं यंत्र लावतात. मुलाने हात हलवला तर बरेच गार्ड उलट हात हलवतात.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्या शहरांतल्या पालकांनीही मालाचाच माग काढावा. नागपुरात कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत, म्हणजे कोळसा आलाच. पुण्यात लोणीला तेलाचे डेपो, म्हणजे टाक्या. भुसावळकरांना तर काही सांगायलाच नको. कोकण रेल्वेवर कोलाडला ट्रकच्या ट्रक वॅगनवर चढवून गोव्याकडे नेतात, १९९९पासून. रोह्याकडे कुणी पाहुणे असतील तर तेवढं मुलाला दाखवून आणा.

राहिले तुमचे दीर. त्यांना एवढंच सांगा की रेल्वेच्या कमाईतला जवळपास दोन तृतीयांश वाटा मालगाड्यांचा आहे. वर्षाला १५० कोटी टनांहून जास्त माल त्या वाहतात. वंदे भारतच्या तिकिटाने रेल्वे चालत नाही, या धुळकट डब्यांनी चालते. त्यांच्या घरातला गहू, घराचं सिमेंट, गाडीतलं पेट्रोल, यातलं बरंच काही कधीतरी मालगाडीत बसून आलेलं असतं. आणि क्लासचं म्हणाल तर भूगोल, गणित आणि वाट बघण्याचा धीर हे तिन्ही या वहीत आहेत. शक्य असेल तर दिरांनाच पहिल्या फेरीला मुलाबरोबर पाठवा. कोपरच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर एकाला सिग्नलकडे आणि दुसऱ्याला मुलाकडे लक्ष ठेवायला दोन मोठी माणसं असलेली केव्हाही बरी.

पुढचा शनिवार मोकळा असेल तर बाराच्या सुमारास निघा. पावसाळा असेल तर मुसळधार पावसाच्या दिवशी नको, पाणी साचलं की गाड्यांचं सगळंच गणित बिघडतं आणि ओला प्लॅटफॉर्म निसरडा होतो. आणि त्या मित्रालाही, त्याच्या आईला विचारून, बरोबर न्या. भिंतीवर दोघं होते.